पी हा क्यूचा नवरा आहे का?

न सोडवायचं गणित मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि राजारामपुरीतल्या एका क्लासात एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते. आमची सगळी पिढी पायऱ्यांच्या मार्कांवर वाढलेली. उत्तर चुकलं तरी हरकत नाही, पण सूत्र लिहा, किमती घाला, ओळीखाली ओळ नीट उतरवा, तपासणारा काही ना काही देऊनच पुढं जाणार. आणि इथं सर फळ्यावर प्रश्न लिहून, त्याखाली दोन विधानं लिहून सांगत होते की सोडवू नका. ह्या माहितीवर उत्तर निघेल की नाही, एवढंच सांगा.

ह्या प्रकाराला डेटा सफिशियन्सी म्हणतात. माहिती पुरेशी आहे का, एवढाच सवाल. पर्याय दर वेळी तेच. पहिलं विधान एकटं पुरेसं, दुसरं एकटं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, दोन्हींपैकी कुठलंही एक पुरेसं, किंवा दोन्ही मिळूनही अपुरी. ऐकायला सोपं वाटतं. मी मात्र प्रत्येक गणित शेवटपर्यंत सोडवायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायचे आणि मान वर करायचे तोवर बाकीच्या पोरांची चार गणितं झालेली असायची.

आमचे सर इंजिनीअर. कारखान्यातली नोकरी सोडून क्लास काढलेला. तोंड फटकळ, आवाज खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा. उशिरा येणाऱ्याला ते "या पावणं, चहा सांगू?" म्हणायचे आणि तो पोरगा आठवडाभर वेळेवर यायचा. एकदा माझ्या मागं उभं राहून त्यांनी माझी वही बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, भाजी पुरंल का एवढंच इचारलंय तुला. तू तर जेवायलाच बसलीस की!"

सगळा क्लास हसला. मीही हसले, पण मला ते पटलं नव्हतं. उत्तर काढल्याशिवाय निघेल की नाही हे कसं सांगायचं, असं मी विचारलं. सर म्हणाले, "निघंल हे कळलं की थांबायचं. हात थांबवायला शिक." हात थांबवायला शिकण्यात माझा महिना गेला.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती त्याहून अवघड होती. प्रश्न असा असायचा की अमुक संख्या सम आहे का? आणि विधानातून निघायचं की ती विषम आहे. आम्ही सगळे "अपुरी" लिहून मोकळे. कारण उत्तर "नाही" आलं, म्हणजे काहीतरी बिनसलं, असंच आमच्या डोक्यात. सर खडू आपटून म्हणायचे, "असंल बी, नसंल बी, असं निघालं तर ते अपुरं. न्हाय निघालं तर झालं की काम! ठाम न्हाय म्हंजे उत्तर हाय. त्याला आणि काय जोडाय लागत न्हाय." हे ते इतक्यांदा बोलले की पोरं चहाच्या गाड्यावरही त्यांची नक्कल करायची.

आता माझ्या घराचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घर शाहूपुरीत. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गुळाची अडत. अव्वा, म्हणजे आई, संकेश्वरची. आम्ही घरात निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलणारी माणसं, आणि आमच्यासारख्या सीमेकडच्या घरांत भाचीचं लग्न सख्ख्या मामाशी होतं. कोल्हापुरात मामेभाऊ-आतेबहिणीचं लग्न सगळ्यांना माहीत. पण प्रत्यक्ष आईच्या भावाशी, म्हटलं की शेजारणी पदर तोंडाला लावायच्या. आमच्यात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अव्वाची आईसुद्धा तिच्या मामालाच दिलेली. पोरगी परक्याच्या दारात जात नाही, आईकडून निघाली ती आज्जीच्या घरात गेली, असा त्यातला सगळा विचार.

अव्वाला एकच भाऊ. तिच्यापेक्षा बराच लहान, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा. त्याचा मिरचीचा व्यापार. तो घरी आला की जिन्यातच ठसका लागायचा आणि आम्हाला कळायचं मामा आला. त्यानं मला सायकल शिकवली, पंचमीला झोका बांधून दिला, आणि मी पाळण्यात असल्यापासून मी त्याची बायको होणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं. ठरवून टाकलेलं म्हणजे त्याची बैठक झाली नव्हती की पानसुपारी झाली नव्हती. नुसतं ते असायचं, देव्हाऱ्यातल्या समईगत. मी शिकतेय त्याला कुणाचा विरोध नव्हता. मामाचं नवीन घर बांधून होईपर्यंत शिक म्हणाले होते.

मामा वाईट होता का? मुळीच नाही. दिसायला बरा, हसरा, निर्व्यसनी. माझ्या मनात दुसरा कुणी होता का? नव्हता. मामा मला मामा म्हणून हवा होता, नवरा म्हणून नको होता, आणि ह्यापलीकडं मला त्याबद्दल काही सांगता येत नव्हतं. मला पुण्याला जाऊन शिकायचं होतं, नोकरी करायची होती. पण ते मिळालं नसतं तरी मला मामा नवरा म्हणून नकोच होता. हे मी तोवर कुणाला बोलले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं.

तर अशात एका संध्याकाळी सरांनी झेरॉक्स काढलेला सराव पेपर वाटला. त्यात नातेसंबंधांचे प्रश्न होते. एक असा. क्यू ही विवाहित स्त्री आहे. पी हा क्यूचा नवरा आहे का? विधान एक, पी हा क्यूच्या आईचा सख्खा भाऊ आहे. विधान दोन, पी आणि क्यू एकाच घरात राहतात.

मी क्षणभरही थांबले नाही. दोन्ही मिळूनही अपुरी, अशी खूण केली आणि पुढं गेले. पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या आधी पेपर संपवला.

सर उत्तरं वाचायला लागले. ह्या प्रश्नावर आले आणि म्हणाले, पहिलं विधान एकटं पुरेसं. मामा हाय म्हंजे नवरा न्हाय. ठाम न्हाय. कुणाचं चुकलं? माझा एकटीचा हात वर गेला.

"तुझं कसं काय चुकलं? हे तर सगळ्यात सोपं की."

"सर, मामा नवरा असू शकतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या बाकावरून हशा सुरू झाला तो पुढपर्यंत आला. सरही हसले. म्हणाले, "असं कुठं असतंय?"

मी उभी राहिले. "आमच्यात असतंय."

मागून एक पोरगा ओरडला, "मग ह्यांच्यात आईला नणंद म्हणायचं काय?"

माझे कान तापले होते. पण गप्प बसेन ती मी कसली. मी मागं वळले आणि म्हणाले, "व्हय, म्हणायचं. आणि सासू म्हंजे आज्जीच असती, तवा पहिल्या दिवसापासनं चहा हातात मिळतो. तुझ्या बायकोला मिळंल काय?"

आता हशा त्याच्यावर फिरला. सरांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "बरं, असंल तुमच्यात. पण हे गणित हाय. एक मार्क सोडून दे."

"का सोडू? मामा नवरा नसतो असं पेपरात कुठं लिहिलंय? तुम्हीच म्हणता, जे लिहिलं न्हाय ते घरनं आणून घालायचं न्हाय."

हे त्यांचंच वाक्य होतं. संख्या म्हटली की पोरं ती पूर्णांकच धरायची, त्यावर ते असं ओरडायचे. ते म्हणाले, कायद्यात तरी बसतंय काय हे? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून येते.

आमच्या गल्लीत एक वकीलकाका होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की कायद्यानं असं लग्न होत नाही, पण ज्यांच्यात तशी रूढीच आहे त्यांना मुभा आहे. मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. संध्याकाळी क्लासात सर आत येऊन खडू घेतात न घेतात तोच मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. ते फटकळ होते पण अप्रामाणिक नव्हते. फळ्याकडं वळून त्यांनी तो प्रश्न पुन्हा लिहिला, उत्तरावर काट मारली आणि म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय. पहिलं विधान अपुरं. घ्या लिहून." पोरांनी माना खाली घालून लिहून घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जाताना सर जिन्यात म्हणाले, "हे बघ, क्लासात ठीक हाय. पण खऱ्या परीक्षेत आला तर गप पहिलं विधान पुरेसं म्हणून लावायचं. पेपर काढणारा काय तुमच्या घरचा न्हाय."

"न्हाय लावणार."

"मार्क जाईल."

"जाऊ दे की."

ते हसून खाली उतरले. मला त्या दिवशी मामाचा, अव्वाचा, संकेश्वरच्या आज्जीचा, सगळ्यांचा अभिमान वाटत होता. माझ्या माणसांना हसायचं कुणाचं काम नव्हतं. ते लग्न मला नको होतं ही गोष्ट वेगळी, आणि त्यावर बाहेरच्यांनी दात काढणं ही वेगळी. ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधीच एकत्र झाल्या नव्हत्या. इतरांच्या डोक्यात त्या किती पटकन होतील हे मला कळायला हवं होतं, असं पुढं कितीजणींनी मला ऐकवलं. मी त्यांना सांगायचे, मला का? त्यांना का नको कळायला?

झालं असं, की क्लासातल्या एका पोराच्या वडिलांची मार्केट यार्डात अप्पांच्या अडतीला लागूनच अडत होती. पोरानं घरी गोष्ट रंगवून सांगितली. वडिलांनी यार्डात अप्पांना सांगितली. तिथं पोचेपर्यंत ती अशी झाली होती की तुमच्या पोरीनं भर क्लासात उभं राहून ठणकावलं, माझा मामाच माझा नवरा, कुणाला काय म्हणायचंय? वर सर्वांनी मिळून अप्पांची पाठ थोपटली, पोरगी वाघीण हाय म्हणून.

अप्पा खुशीत घरी आले. अव्वाचे डोळे भरून आले. मला कुणी काही विचारलं नाही. अव्वानं कोपऱ्यावरच्या बूथवरून संकेश्वरला फोन लावला.

रविवारी सकाळी मी सराव परीक्षा देऊन घरी आले तर जिन्यातच ठसका लागला. दारात चपला. आत आज्जी पाटावर बसलेली, मामा खुर्चीत, नवा शर्ट घातलेला, आणि ताटात हिरवी साडी, नारळ, सुपारी. अव्वा कपाळाला विभूती लावून, ठेवणीतलं नेसून माझी वाट बघत होती.

"जा, हातपाय धू, ती साडी नेस. आज सुपारी फोडून घेऊया म्हणाली आज्जी. लग्न तुझ्या परीक्षेनंतर करू."

पाठीवरची पिशवी मी तशीच ठेवून विचारलं, "कुणी सांगितलं मी तयार आहे म्हणून?"

"आता हे काय? तूच तर बोललीस की क्लासात."

"मी म्हटलं मामा नवरा असू शकतो. माझा असणार असं कुठं म्हटलं?"

आज्जीला कमी ऐकू यायचं, ती हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांकडं बघत होती. अप्पा म्हणाले, "त्यात फरक काय?" आणि माझा तोल गेला.

"फरक लई हाय अप्पा! सगळ्या क्लासाला कळला, मागच्या बाकावरल्या टवाळांना कळला, तुम्हाला कळंना होय? असू शकतंय म्हंजे असंलच असं न्हाय. मला मामाशी लग्न करायचं न्हाय."

अव्वानं विचारलं, "मग भांडलीस कशाला त्यांच्याशी?"

"ते आपल्याला हसत हुते म्हणून."

अव्वाला हे समजलंच नाही. तिच्या दृष्टीनं ज्याच्यासाठी भांडायचं ते आपलं करायचं. ती रडायला लागली. तिच्या आईनं मामाशीच लग्न केलं, ती काय जनावर होती का, असं ती म्हणत होती. आणि मी परत परत तेच सांगत होते की त्यात वाईट काही नाही, मला नको एवढंच.

मग अप्पांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ते व्यापारी माणूस. कुणाचं तोंड न पोळता सौदा मोडायचा कसा हे त्यांना ठाऊक. आवाज खाली आणून म्हणाले, "बघ, असं करू. डॉक्टर म्हणत्यात रक्तातलं लग्न नको, पोरास्नी त्रास हुतो. असं मी सांगतो. मामाचा बी मान ऱ्हातोय, तुझा बी. कुणी काय म्हणणार न्हाय."

वाट सरळ होती. मी मान हलवली असती तर तासाभरात सगळं मिटलं असतं, आज्जी जेवून गेली असती, मामा पुढच्या महिन्यात मिरची घेऊन आला असता. पण आज्जीचं तसंच लग्न झालं होतं आणि ती बाहेर धडधाकट बसली होती. त्या कारणानं मी तिला चूक ठरवणार होते. शिवाय ते माझं कारण नव्हतंच. डॉक्टरांनी उद्या सांगितलं असतं की काही धोका नाही, तर मग मी हो म्हणणार होते का?

"न्हाय अप्पा. ते कारण न्हाय."

"मग कारण काय?"

"नको, हेच."

"असं कुठं असतंय?" अप्पा म्हणाले. अगदी सरांसारखंच म्हणाले.

बाहेर आले तर मामा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं, आमचं घर काही मोठं नव्हतं. त्यानं माझ्याकडं नीट बघून विचारलं, "दुसरं कोण हाय का?"

"न्हाय."

"माझं काय चुकलंय?"

"काय न्हाय मामा."

"मग?"

"मग काय न्हाय. मला नको."

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. मला त्याचं वाईट वाटलं, फार वाटलं, पण वाईट वाटतं म्हणून लग्न करायचं नसतं. त्यानं आज्जीला हाताला धरून उठवलं. अव्वा त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेली. "जेवून तरी जा रे" म्हणत राहिली. त्यानं वळून बघितलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात मी काय केलं ह्याचा हिशेब रोज मांडला जायचा. कारण सांग, कारण सांग. आत्या आली, तिनं विचारलं. अप्पांचे मित्र आले, त्यांनी विचारलं. जणू माझ्या नकाराखाली दुसरं विधान जोडल्याशिवाय तो कुणाला चालणारच नव्हता. मी कुणालाच काही जोडून दिलं नाही. उद्धट, शेफारलेली, क्लासला घातली तिथंच चुकलं, हे सगळं मी ऐकून घेतलं आणि रोज संध्याकाळी तिठ्यावरून चालत राजारामपुरीला गेले.

किंमत मात्र अव्वानं मोजली. भाऊबीजेला तिनं ताट केलं, निरांजन लावलं, आणि दुपारपर्यंत जिन्याकडं बघत बसली. मामा आला नाही. पुढच्या पंचमीला माहेरून बोलावणं आलं नाही. मग मामाचं लग्न ठरलं, पोस्टानं पत्रिका आली, घरातल्या मुलीला पोस्टानं. अव्वा गेली नाही. मला म्हणाली, "तुझ्या एका न्हायनं माझं माहेर गेलं." तिचं माहेर गेलं हे खरंच होतं. पण तिचं माहेर टिकावं म्हणून मी कुणाची बायको व्हायचं, हेही मला पटलं नाही, आणि आजही पटत नाही.

वर तिनं आणखी एक केलं. कुणी विचारलं की ती सांगायला लागली, डॉक्टरांनी नको म्हटलं, रक्तातलं म्हणून. अप्पांचीच युक्ती तिनं उचलली. मी समोर असले की मी लगेच म्हणायचे, खोटं आहे, कुणी डॉक्टर नव्हता. अव्वा माझ्याकडं बघून दात-ओठ खायची. पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे.

ह्या सगळ्याच्या मधेच परीक्षा झाली. कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात, बारावीच्या पोरांनी कोरून ठेवलेल्या बाकावर. मामाचा प्रश्न काही आला नाही. डेटा सफिशियन्सीची सगळी गणितं मी हात थांबवून, वेळेत केली. पुण्यात प्रवेश मिळाला. निघताना अव्वानं चटणीचा डबा बांधून दिला. ती बोलत नव्हती, पण डबा दिला. पुण्यात उघडून खाल्ली तेव्हा चव वेगळी लागली. मिरची संकेश्वरची नव्हती, बाजारातली होती.

मग शिक्षण, नोकरी, माझं माझ्या मर्जीनं झालेलं लग्न, ह्या सगळ्यात बरीच वर्षं गेली. नवं शतक लागून जुनं व्हायला आलं. अव्वा हळूहळू माझ्याशी बोलायला लागली, पण संकेश्वरकडचं काहीच नाही. आज्जी गेली तेव्हा अव्वा मातीला जाऊन परत आली, भाऊ तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मी त्या वेळी परदेशात होते.

आणि एकदा गडहिंग्लजला, अव्वाच्या चुलत घरात लग्न निघालं. अव्वाला जायचं होतं, एकटीला धीर होईना. मी पुण्याहून आले, तिला घेऊन गेले. कार्यालयात मामा दिसला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. घरचं कार्य म्हणून कमरेला पंचा बांधून वाढायला लागलेला. त्याची बायको भेटली, दोन गोड शब्द बोलली. तो मात्र आमच्या बाजूला फिरकला नाही.

बायकांच्या पंगतीला अव्वा आणि मी शेजारी बसलो. आमच्याकडच्या पंगतीत नको म्हणून चालत नाही. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढतात. मामा तुपाचं भांडं घेऊन ओळीनं येत होता. आमच्या पानांपाशी आला, खाली न बघता पुढं गेला. अव्वानं कोरड्या पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरला.

समोरच्या ओळीत एक म्हातारी होती, अव्वाची लांबची चुलती. तिनं ते बघितलं. अशा बायकांना कुठलीही गोष्ट हळू बोलता येत नाही. "काय गं, अजून बोलत न्हाय व्हय त्यो? डॉक्टरांनी सांगितलेलं म्हणं तवा, रक्तातलं नको म्हणून. मग त्याचा कशाला एवढा राग?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं वाक्य तयारच होतं, की खोटं आहे, डॉक्टर नव्हता. पण अव्वानं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"डॉक्टर-बिक्टर कोण न्हवता," ती म्हणाली. "हिला नको हुतं."

"नको म्हंजे? कशापायी?"

"नको हुतं. आणि कशापायी काय? नको हुतं म्हणून न्हाय म्हणाली."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मी काही जोडते का म्हणून. मी काही जोडलं नाही. मला रडू येत होतं आणि पंगतीत रडणं बरं नव्हे म्हणून मी भातात आमटी कालवत राहिले. तुपाचं भांडं ओळीच्या टोकाला थांबलं होतं. मामानं ऐकलं होतं. तिथं सगळ्यांनीच ऐकलं होतं.

तो ओळ मोडून परत आला. अव्वासमोर वाकला.

"अक्का, तूप वाढू?"

"वाढ की," अव्वा म्हणाली. त्यानं पोळी बुडेल इतकं तूप ओतलं.

मग तो माझ्या पानाकडं वळला. "तुला?"

"नको," मी म्हणाले.

"बरं," मामा म्हणाला आणि भांडं घेऊन पुढच्या पानाकडं गेला.